ठिगळ लावलेलं खोटं

टर्रर्र करत अंडी उकडायचं घड्याळ वाजलं आणि टेबलाभोवतीची डोकी एकदम वर झाली.

तोवर खोलीत नुसत्या पेन्सिली कुरकुरत होत्या. शेगडीतला कोळसासुद्धा श्वास रोखून बसल्यासारखा. तिघं जण हाताच्या आडोशानं, कुणी कॉपी करू नये म्हणून पोरं बसतात तसे बसून, आपापल्या चिठोऱ्यावर एकेक अस्सल थाप लिहीत होते.

"बस्स! पेन्सिली खाली," पेट्रानं फर्मावलं. "नेड, खाली म्हणजे खाली. अजून एक शब्द, अजून एक शब्द, शाळेत करायचास तसं करू नकोस."

"तसं करायचो म्हणून तर पास झालो."

"म्हणून तर औषधं पुड्यांत बांधतोस."

नेड हसला. मोठ्या बहिणीचं बोलणं त्यानं लहानपणापासून खोकल्याच्या औषधासारखं पचवलं होतं. पेट्रा गावच्या वाचनालयात होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि तिच्या जिभेची धार कमी व्हायला दुसरं काही कारणही घडलं नव्हतं.

नेडच्या बायकोनं, लोर्नानं, आपली चिठ्ठी दुमडून हॅटमध्ये टाकली. टेबलाखालून हेटीचा हात वर आला, तिनं हॅट ओढून घेतली आणि डोळे मिटून, जीभ दातांत धरून, खसाखसा हलवली. नेड-लोर्नाच्या पाच वर्षांच्या हेटीला अजून लिहिता येत नव्हतं. डावात तिला हेच एक काम, आणि ते ती चर्चमधल्या पाद्र्याच्या थाटात करायची.

उत्तर इंग्लंडातल्या डरहॅममधल्या या घरी रविवारचा डाव चुकत नसे. दुपारचं मटण-बटाट्यांचं जेवण व्हायचं, भांडी निथळायला लागायची, की विनिफ्रेड, म्हणजे लोर्नाच्या सासूबाई, कपाटातून तो जाडजूड शब्दकोश दोन्ही हातांनी काढायच्या. ज्याची पाळी त्यानं कोशातून असा शब्द उकरायचा जो घरात कुणी ऐकलेला नाही. बाकीच्यांनी त्याचा अर्थ बनवायचा, अगदी कोशातल्यासारखा, कोरड्या चेहऱ्याचा. सगळ्यांच्या थापा हॅटमध्ये, आणि त्यांच्यातच खऱ्या अर्थाची एक चिठ्ठी. मग त्या मोठ्यानं वाचायच्या. खरी ओळखलीत तर आगपेटीतली एक काडी तुमची, आपली थाप दुसऱ्याच्या गळी उतरवलीत तर आणखी एक. या हिवाळ्यात काड्यांनाही भाव आला होता. खाणकामगारांचं आणि सरकारचं बिनसलेलं, वीज ठरवून दिल्या वेळी जायची, आणि कोळशाच्या या मुलखात लोक बादलीच्या तळाशी हात घालून कोळसा चाचपायचे. आताही चार वाजले नव्हते तोच बाहेर अंधारून आलं होतं आणि टेबलावर रॉकेलचा दिवा होता.

हॅट सासऱ्यांची. ते नेड लहान असतानाच वारले. लोर्नाला हे लग्नाआधीच सांगितलं होतं, विनिफ्रेडनंच, चहा गाळता गाळता. "न्यूमोनिया," त्या म्हणाल्या होत्या, आणि साखरेचं भांडं पुढे केलं होतं. नंतर कुणी तो विषय काढला नाही. घरात त्यांचा फोटो नव्हता. हॅट तेवढी होती, आणि तीही थापा ठेवायला.

"स्म्यूज," पेट्रानं शब्द पुन्हा म्हणून दाखवला आणि पहिली चिठ्ठी उलगडली. "'कातडं खरवडायची बोथट सुरी.' दुसरी. 'ओल्या सरपणाचा धूर.' तिसरी. 'कुंपणाच्या बुडाशी जनावराच्या येण्याजाण्यानं पडलेली फट.' चौथी. 'मेंढीच्या लोकरीतून निघणारं तेल. भेगांवर लावतात. थंडीत मात्र गोठतं.'"

लोर्नानं ओठांत हसू दाबलं. थंडीत मात्र गोठतं! हा नेड.

ही गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. इतक्या रविवारांत तिला एकेकाच्या खोट्याची चव कळायला लागली होती. पेट्राची थाप गलबतावर चढायची. डोलकाठी, दोरखंड, खारा वारा असं काही ना काही त्यात असायचंच. सासूबाई जन्मभर लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं खोटं छोटं, सुकं, त्याला कुठे फट नाही. आणि नेड? नेडच्या खोट्याला शेवटी एक ठिगळ असायचं. नुसतं सांगून तो थांबायचा नाही, शेवटी एखादी अडचण जोडायचा. अमुक फूल, पण सावलीत उमलत नाही. तमुक नाणं, फक्त जत्रेत चालायचं. नवंकोरं खोटं अंगावर उठून दिसतं, ठिगळ लावलं की ते वापरातलं वाटतं, हे त्याला उपजत ठाऊक होतं. किंवा औषधांच्या दुकानात शिकला असेल. दिवसभर तेच तर बोलायचा तो: जेवणानंतर घ्या, दुधाबरोबर मात्र नको.

नवऱ्याची खूण फक्त आपल्याला ठाऊक आहे, याचं लोर्नाला केवढं तरी सुख होतं. घोरण्याचा सूर ठाऊक असावा, पाठीवरचा तीळ ठाऊक असावा, तसं. नेडच्या थापेला ती कधीच फसली नव्हती, आणि का फसत नाही ते त्याला कळत नव्हतं.

"फट," ती म्हणाली.

"फटच," पेट्रा कुरकुरली. "घे काडी. आई, तू?"

"धूर," विनिफ्रेड म्हणाल्या. मग चष्म्यावरून सुनेकडे बघून, "तुझा होता? शाबास. मला वाटलं होतं, तुला खोटं जमत नाही."

"शिकतेय," लोर्ना म्हणाली.

तिला आज सगळंच गोड लागत होतं. पोटात एक गोष्ट होती, आणि ती फक्त तिला आणि डॉक्टरीणबाईंना माहीत होती. सकाळी बूट घालताना ती नेडला एवढंच म्हणाली होती, "संध्याकाळी एक सांगायचंय." परतताना नदीकाठच्या वाटेनं जायचं, हेटी पुढे पळेल, पूल लागेल, तिथे सांगायचं. हेटीच्या वेळीही तिथेच सांगितलं होतं. तेव्हा तो कठड्यावर चढून बसला होता आणि उतरायचं विसरला होता.

डाव थांबवून चहा झाला. विनिफ्रेडनं मनुका घातलेला तव्यावरचा केक आणला, वर लोणी वितळत होतं. हेटी टेबलाखालून निघून आजीच्या मांडीला टेकली.

"काल फोन केला होता मी," विनिफ्रेड नेडला म्हणाल्या. "लोर्ना म्हणाली, बाहेर आहेस. त्याआधीच्या शनिवारीही बाहेर."

"प्रेंटिसकडे, आई. कबुतरखान्याचं छप्पर घालतोय त्याच्या."

"कधीपासून घालताय! तो कबुतरखाना आहे की कॅथीड्रल?"

"म्हातारा माणूस, हाताला घाई नाही. चहा पाजतो, गप्पा मारतो. एक बाजू झाली आता. डांबरी कागद छान बसलाय..."

लोर्ना हेटीच्या केकचे तुकडे करत होती. हात चालू होते, कान चालू होते, आणि कानाला सवय लागलेली. वाक्य वळणावर आलं तशी ती नकळत बोलून गेली:

"मात्र?"

नेड थांबला. तिच्याकडे बघितलं.

"मात्र शिडीवर तो मला चढू देत नाही," तो म्हणाला. "माझ्या गुडघ्यामुळे."

"तुझ्या गुडघ्याला काय झालंय?" पेट्रानं विचारलं.

"काही नाही. त्यालाच वाटतं तसं."

पेट्रानं केकचा दुसरा तुकडा उचलला. विनिफ्रेड लेकाकडे बघत राहिल्या, मग दिव्याची वात बघायला लागल्या. पण नेडची नजर लोर्नावरून हलायला अंमळ जास्तच वेळ लागला, आणि लोर्नाच्या हातातली सुरी बशीवर तशीच राहिली.

असंच असतं संशयाचं. दारातून येत नाही, कुंपणाच्या बुडाशी एवढीशी फट शोधतो. आणि एकदा का वाट पडली, की येतच राहतो.

मागचा शनिवार. प्रेंटिसच्या बहिणीनं मटणाचा पाय केला होता, छान होता, खालून जरा करपलेला. त्याच्या आधीचा. एक कबुतर फ्रान्सहून परत आलं, पायातली कडी मात्र हरवून. त्याच्याही आधी, हिवाळा लागायच्या सुमारास, पहिल्यांदा उशीर झाला तेव्हा: बस मिळाली होती गं, पुलापाशी बंद पडली तेवढी. सगळ्यांना ठिगळं. आणि ही ठिगळं ऐकत ती त्याच्यापुढे सूप ठेवत होती, हसत होती, कौतुकानं म्हणत होती, बिचारा म्हातारा, बरं करतोस जातोस ते.

तिनं एकदा प्रेंटिससाठी लोणच्याची बरणी दिली होती. बरणी धुऊन परत आली होती. कुणी धुतली?

"लोर्ना, कुठे आहेस?" विनिफ्रेड विचारत होत्या. "माझी पाळी. लिहायला घे."

शब्दकोश आता त्यांच्या मांडीवर होता. पानं उलटायचा आवाज थांबला. "टर्बरी. कुणाला माहीत आहे?"

कुणालाच नव्हतं. घड्याळाला पीळ दिला गेला, पेन्सिली सुरू झाल्या. लोर्नानं काहीतरी लिहिलं, रेशमाच्या किड्यांविषयी काहीबाही, आणि पापण्यांच्या आडून नेडकडे बघत राहिली. तो भराभरा लिहीत होता. मग थांबला. पेन्सिलीचं टोक ओठांवर टेकवलं. लिहिलेलं वाचलं, आणि चिठोरं चुरगाळून शेगडीत भिरकावलं.

"अरे वा," पेट्रा म्हणाली. "शेक्सपियर खाडाखोड करतायत!"

"गप गं."

दुसरं चिठोरं घेऊन त्यानं एकच ओळ लिहिली. एकदाही न थांबता.

टर्रर्र. हेटीनं हॅट हलवली. विनिफ्रेडनं वाचायला सुरुवात केली. शाळेतला तो आवाज अजून तसाच होता, खरं आणि खोटं एकाच इस्त्रीनं सरळ करणारा.

"'गलबताच्या शिडाला भोक पडल्यास लावायची राळ.' 'रेशमाचे किडे पोसायची टोपली.' 'मठातलं धान्याचं कोठार.' 'दुसऱ्याच्या माळावरून जळणासाठी दलदलीची ढेकळं कापून नेण्याचा हक्क. विकण्यासाठी मात्र नव्हे.'"

शेवटची ऐकून लोर्नाला भीती वाटली, आणि त्याच वेळी हायसंही. विकण्यासाठी मात्र नव्हे. हे नेडचंच. म्हणजे तो आहे तसाच आहे. राळ पेट्राची, टोपली तिची स्वतःची. उरलं ते खरं.

"कोठार," ती म्हणाली.

"मीही कोठार," पेट्रा म्हणाली.

विनिफ्रेडनं कोश फिरवून दिव्याकडे धरला आणि बोट टेकवलं. "जळणाचा हक्क. विकण्यासाठी मात्र नव्हे. असंच छापलंय. कोठार नेडचं. दोन काड्या तुला, नेड." मग कौतुकानं, "आज पहिल्यांदा बायकोला गंडवलंस!"

"कधी ना कधी व्हायचंच," नेड काड्या ओढून घेत म्हणाला. त्यानं लोर्नाकडे बघितलं नाही.

लोर्ना हसली. हसावंच लागलं. पण हात टेबलाखाली गेला आणि हेटीच्या केसांत रुतून बसला.

कोशालाही ठिगळं असतात. ही एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. खऱ्याचीसुद्धा एक अट असते, एक अडचण असते. मग प्रेंटिसची शिडी? तीही खरी असेल. गुडघा नाजूक दिसतो, म्हाताऱ्याला वाटतं, पडेल बिचारा. काय अशक्य आहे त्यात? आपणच एका खुणेवर कोर्ट भरवून बसलो.

आणि लगेच दुसरं मन म्हणालं: बरं, मग या वेळी त्यानं ठिगळ का लावलं नाही? इतक्या रविवारांत एकदाही न चुकलेला माणूस आजच का चुकला? पहिलं चिठोरं शेगडीत का गेलं? माणूस आपली खूण कधी बदलतो? ती कुणीतरी ओळखलीय हे कळतं तेव्हा. "मात्र?" असं तिनं विचारलं, तेव्हा.

काडी कुठल्याही पेटीवर घासा, जाळ एकच: संशयाचा.

भांडी विसळायला नेड आणि लोर्ना मागच्या स्वयंपाकघरात गेली. हे नेहमीचंच, मुलगा आणि सून भांडी करायची, पेट्रा आईबरोबर काड्या मोजत वाद घालायची. बशीत मेणबत्ती चिकटवलेली होती. गरम पाण्याची वाफ खिडकीवर बसत होती. नेडनं टॉवेल खांद्यावर टाकला.

लोर्नानं तीन कप विसळले.

"प्रेंटिसची कबुतरं कुठल्या रंगाची आहेत रे?"

"करडी."

"सगळी?"

"लोर्ना."

"मी रंग विचारतेय फक्त."

नेडनं दाराकडे बघितलं. मग दार ढकलून लावलं. लावताना हळू लावलं, आवाज होऊ नये म्हणून. लोर्नाला त्या हळूपणाची भीती वाटली.

"प्रेंटिस आहे," तो म्हणाला. "कबुतरं पण आहेत. पण हिवाळा लागल्यापासून मी त्याच्याकडे गेलेलो नाही."

पाण्यात तिचे हात थांबले.

"बाई नाही," नेड घाईघाईनं म्हणाला. "तुझ्या डोक्यात काय आलं असेल ते मला... नाही. बाबा आहेत."

"कुणाचे?"

"माझे. माझे बाबा जिवंत आहेत, लोर्ना. संडरलंडला राहतात, बंदराजवळ, दोरखंडाच्या दुकानावरच्या खोलीत. दुकानात आले होते माझ्या. खोकल्याचं औषध मागितलं. मी बाटलीवर लिहायला नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मी लिहायला लागलो, आणि बघतो तर मी माझंच आडनाव लिहितोय. फेनिक. मान वर केली तर ते रडत होते."

मेणबत्तीची ज्योत सरळ होती. लोर्ना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ठिगळ कुठे आहे? ऐकताना ती तेवढंच शोधत होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

"आणि न्यूमोनिया?"

"आई म्हणते. मी शाळेतून आलो तेव्हा ते नव्हते. तेव्हापासून न्यूमोनिया."

"पेट्राला?"

"माहीत नाही. पेट्राला काय माहीत आहे ते पेट्रालाही विचारता येत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस? मला!"

"सांगणार होतो. दर शनिवारी सांगणार होतो. मग आईनं पहिल्यांदा विचारलं, तू शेजारी बसली होतीस, तिच्यापुढे प्रेंटिस म्हणून गेलो. आणि मग तुझ्यापुढे दुसरं काय बोलणार? एकदा म्हटलं की म्हटलं." त्यानं एकच कप किती वेळ पुसला. "तुझं लोणचं त्यांनी खाल्लं. बरणी त्यांनीच धुतली. तुला विचारत असतात. हेटीचं विचारतात."

लोर्नाचे डोळे भरून आले. हे खरं होतं. असं खोटं कुणी बोलू शकत नाही. बरणी धुणारा म्हातारा कुणी मनानं रचत नाही.

रचतो. गेली सहा वर्षं याच घरात, याच टेबलावर, हे लोक काय करत होते?

"मग आम्हाला घेऊन चल," ती म्हणाली. "येत्या शनिवारी. मी येते, हेटी येते."

"हो, चला ना. त्यांना आभाळ ठेंगणं होईल." नेडचा चेहरा उजळला, अगदी खरोखर उजळला. "येत्या शनिवारी मात्र नको."

बोलून झालं आणि ते दोघांनाही ऐकू आलं. मोरीत नळ ठिबकत होता.

"का?" लोर्नानं विचारलं. फार हळू.

"खोकला आहे त्यांना. वाईट आहे. हेटीला लागेल." तो औषधवाला होता, त्याला कळणार. "थोडं ऊन पडू दे. मग नक्की."

"हं."

"लोर्ना, बघ ना माझ्याकडे."

तिनं बघितलं. कठड्यावर चढून बसलेला तो मुलगा तिथेच होता, डोळे तेच, कानाजवळचा कापल्याचा वण तोच. त्या चेहऱ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं, किंवा सगळं इतक्या सारख्या अक्षरात लिहिलेलं होतं की खरं कुठलं ते सांगता येऊ नये.

"तू सकाळी म्हणालीस, काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला.

ओठांपर्यंत आलं. एका क्षणात सांगून टाकता आलं असतं. पण मग ती गोष्ट याच मोरीत, याच बोलण्याला चिकटून राहिली असती, पुलावर नाही, आणि पुढे जन्मभर तिला ती अशीच आठवली असती.

"काही विशेष नाही," लोर्ना म्हणाली. "पाठ दुखतेय दोन दिवस. बसलं की तेवढं बरं वाटतं."

तेवढं बरं वाटतं. ती स्वतःच दचकली. किती सहज जमलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली काहीतरी सरकलं. टेबलपोसाच्या झालरीतून हेटीचं डोकं बाहेर आलं, गाल मनुकांनी फुगलेले, मुठीत आणखी होत्या.

"कधीपासून आहेस गं तिथे?" नेडनं विचारलं.

"मांजर शोधत होते."

"आजीकडे मांजर नाहीये, हेटी."

"म्हणून तर सापडलं नाही," हेटी म्हणाली आणि चघळत राहिली.

निघायच्या वेळी विनिफ्रेडनं दिवा दारापाशी आणून ठेवला. पेट्रा भाचीच्या कोटाची बटणं लावत होती आणि प्रत्येक बटणाला नवं नाव देत होती. नेड तळघरातून आईसाठी कोळशाची बादली भरून आणायला गेला होता. खालून खोऱ्याचा खरखराट येत होता.

"फिकी दिसतेस," विनिफ्रेड लोर्नाला म्हणाल्या. "दूध घेत जा."

हॅट खुंटीवर परत गेली होती. करड्या रंगाची, आतली फीत घामानं काळी पडलेली. कुणाच्या तरी डोक्याचा घाम. लोर्नानं विचारायचं ठरवलं नव्हतं, पण आज तिच्या तोंडाला लगाम नव्हता.

"बाबांना कुठे ठेवलंय, मी कधी विचारलंच नाही तुम्हाला. कबर कुठे आहे त्यांची? हेटीला घेऊन एकदा फुलं ठेवून आलो असतो."

विनिफ्रेड हातमोजे घडी करून ठेवत होत्या. घडी थांबली नाही. पेट्रानं एक बटण लावलं, मग पुन्हा तेच लावलं.

"संडरलंडला," त्या म्हणाल्या. "समुद्रासमोर."

बस. छोटं, सुकं. कुठे फट नाही.

गावही तेच. एकाच्या हिशेबानं माणूस जमिनीच्या वर खोकत होता, दुसरीच्या हिशेबानं जमिनीखाली गप्प होता, आणि समुद्र दोघांनीही खराच सांगितला असणार. विनिफ्रेडनं मान वर केली. क्षणभर त्यांच्या नजरेत असं काही आलं, की लोर्नाला वाटलं, आता या विचारतील: कुणी सांगितलं तुला काय? पण त्यांनी फक्त दिवा उचलून वर धरला, पायऱ्या दिसाव्यात म्हणून.

"सांभाळून जा. शेवटची पायरी सैल आहे."

फाटकापाशी लोर्ना आणि हेटी नेडची वाट बघत थांबल्या. रस्त्यावरचे दिवे बंद होते. खाली नदी दिसत नव्हती, तिचा वास तेवढा येत होता, आणि धुराड्यांतून निघालेला धूर घरांवर बसून राहिला होता. ओल्या सरपणाचा धूर, लोर्नाच्या मनात आलं. निदान एक थाप तरी आपली होती.

हेटीचा हात तिच्या कोटाच्या खिशात आला, चिकट, मनुकांचा. लोर्नानं तो आपल्या मुठीत घेतला आणि दुसरा हात नकळत पोटावर ठेवला. घरातून नेडचा आवाज आला. तो आईला काहीतरी सांगत होता, आई हसत होती. किती छान हसतात ही माणसं, किती मायेनं. हिवाळाभर आपण या आवाजांच्या उबेला बसत होतो.

"आई."

"काय गं, सोन्या?"

"आजी म्हणते आजोबा जमिनीत आहेत. बाबा म्हणतो खोलीत आहेत."

लोर्ना खाली वाकली. "तू ऐकलंस ते कुणाला सांगायचं नाही हं."

"नाही सांगणार." हेटीनं विचार केला. मग तिनं हॅट हलवावी तसे दोन्ही हात हलवून बघितले, आत काही आहे का ऐकत असल्यासारखे. "पण डावात शेवटी आजी पुस्तक उघडते आणि बोट ठेवून सांगते, खरी चिठ्ठी कुठली ते. मग आता आपल्याला खरी कोण वाचून दाखवणार?"